पोटवाली घरं

मागच्या महिन्यात आर्किटेक्चर कॉलेजातली एक मुलगी आमच्या घरांची मापं घ्यायला आली होती. हुशार होती, पण घाईची. रस्त्यापलीकडं उभं राहून तिनं फोटो काढले, वहीत काहीतरी खरडलं आणि मला विचारलं, "आजी, मधल्या घराची भिंत नंतर कुणी दुरुस्त केली का? दोन्ही बाजूंचा दगड किती गुळगुळीत, आणि हा मधलाच असा ओबडधोबड." मला राग आला. चहा ठेवला होता तो तिला दिला, चहाचा त्यात काही दोष नव्हता, पण राग आला. दुरुस्ती म्हणे. अगं, तिन्हींत पहिली उभी राहिली ती हीच भिंत. आणि ती उभी राहावी म्हणून मी सासरी येऊन वर्ष झालेलं नसताना थोरल्या दिरापुढं तोंड उघडलं होतं.

पैठण गेटातून बाहेर पडून चितेगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमची तीन घरं येतात. तीन म्हणजे दारं तीन. पाहणाऱ्याला घर एकच दिसतं. जोतं एक, वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली दगडी पट्टी एक, आणि प्रत्येक दाराच्या बाजूला रस्त्याकडं फुगलेली एक-एक गोल भिंत, तिच्यात तीन-तीन खिडक्या. रिक्षावाले "पोटवाले मकान" म्हणतात. आता शेजारीपाजारी चार-चार मजले उठलेत, काचा लागल्यात, तरी पाहुण्यांना पत्ता आमच्या पोटांवरूनच सांगतात. मला त्याचं बरं वाटतं, उगाच कशाला लपवू.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन आठ वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. माहेर सिल्लोडचं, सासर चितेगावचं. सासरे नव्हते. सासूबाई आवडाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि त्यांचे तीन मुलगे. थोरले काकासाहेब शेती बघायचे, पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान होता. मधले रामकिसन, त्यांनी शहरात कापसाची आडत टाकलेली. आणि धाकटे सांडू, म्हणजे आमचे हे, कचेरीत कारकून. ॲक्शननंतर कचेरीचं कामकाज उर्दूतून मराठीत आलं, तेव्हा दोन्ही वाचता येणारी माणसं हवी होती, त्यात ह्यांचा नंबर लागला. शेतकऱ्याचं पोर सरकारी खुर्चीवर बसलं म्हणून गावाला केवढं कौतुक. हे मात्र त्या खुर्चीवरही अंग चोरून बसायचे.

तिघांची कामं तीन तऱ्हेची, घरात तीन सुना, वाटणीचा विषय निघणारच होता. भांडण नव्हतं. मुलांच्या शाळांसाठी शहरात घरं बांधायची आणि तिथंच वेगळं व्हायचं असं ठरत आलं होतं. पण आत्याबाईंनी एक अट घातली.

"वेगळं रांधा, वेगळं खा, मी नाय म्हणत नाय," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यावरून जाणाराला घर एकच दिसलं पायजे. रझाकारांच्या टायमाला माझी तीन लेकरं तीन गावांत लपली होती. कोण जित्तं हाय ते सहा-सहा दिवस कळायचं नाय. आता राजीखुशीनं मी त्यायला तीन दिशेला जाऊ देणार नाय."

तीन चुली आणि घर एक. काकासाहेबांसारखा माणूस चार दिवस डोकं धरून बसला. मग ह्यांनी हेमचंद्रांना घरी आणलं.

हेमचंद्र बांधकाम खात्यात नक्षानवीस होते. घरं, पूल, रस्ते यांचे कागद काढायचे हे त्यांचं काम. अंगानं सडसडीत, कानावर पेन्सिल, ती जेवतानाही काढत नसत. छावणीतला एक इंग्रज साहेब देश सोडून गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला होता. लोकांनी खुर्च्या आणि आरसे घेतले, हेमचंद्रांनी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक घेतलं. विलायतेतल्या समुद्रकाठच्या घरांची चित्रं होती त्यात. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या बड्या लोकांना समुद्राची हवा खायचा नाद लागला आणि काठाकाठानं घरांच्या ओळी उठल्या. घराला घर चिकटलेलं, दोघांमध्ये भिंत एकच, पण सगळ्या ओळीला मिळून तोंड एक. लांबून येणाऱ्याला वाटावं, राजवाडाच आहे. आत शिरल्यावर कळायचं की दहा बिऱ्हाडं आहेत. हेमचंद्रांना ती घरं पाठ होती. समुद्र मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या खाम नदीला गुडघाभर पाणी आलं तरी ते काठावर जाऊन उभे राहायचे.

आत्याबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण चित्र त्या डोळ्यांत तेल घालून बघत. त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं पोटावर.

"ह्यो फुगवटा कशाला?"

"आई, ह्यात खिडक्या असतात. भिंत गोल असली की समोरचा समुद्र दिसतोच, शिवाय दोन्ही अंगांचा किनाराही दिसतो."

"अन् आपल्याकडं समुद्र कुठाय?"

हेमचंद्रांनी पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली. मग आत्याबाईच म्हणाल्या, "नसू दे. चितेगावाकडून कोण येतंय अन् गेटाकडून कोण येतंय, दोन्ही बसल्या जागी दिसंल. दोन घरांमधली भिंत कोणाची म्हणाला?"

"दोघांची. एकानं पाडली तर दुसऱ्याचं घर उघडं पडतं."

"म्हंजी भांडले तरी पाडता यायची नाय."

"नाही."

"मग हेच बांधा."

काकासाहेबांना फक्त एक गोष्ट पटली नाही. पुस्तकातली घरं होती विटांची. वरून चुन्याचा गिलावा, आणि त्या ओल्या गिलाव्यावर रेघा मारून दगडाचे चिरे असल्याचा देखावा केलेला. हे कळल्यावर ते मोठ्यानं हसले. म्हणाले, "इथं नांगर घातला की दगड निघतो, अन् आपण दगडाचं सोंग करायचं? त्यायच्याकडं नसंल दगड. आपल्याकडं हाय." ठरलं. भिंती खऱ्या काळ्या दगडाच्या, दगड घडवलेला, आणि घडवलेलं तोंड रस्त्याकडं. विलायतेत खोटं होतं ते औरंगाबादेत खरं होणार होतं, आणि ह्याचा हेमचंद्रांनाच सगळ्यांत जास्त आनंद झाला.

पण बांधणार कोण? शहरातल्या दोन गवंड्यांनी नक्षा पाहून हात जोडले. एक म्हणाला, गोल भिंत बुरजाला असते, घराला नाही. दुसरा दाढी कुरवाळत म्हणाला, "साहब, घर को पेट काहे को होना?" आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्यांना नवलच वाटलं. "आपली विहीर गोल नाय का? ती कोणी बांधली?"

विहीर बांधली होती पुंजारामनी. चितेगावपासून पैठणपर्यंत पन्नासाच्या वर विहिरी त्यांच्या हातच्या. वय पंचावन्नच्या आसपास, बोलणं कमी, बोटं चुन्यानं पांढरी पडलेली. ते आले, कागद त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. एवढंच विचारलं, "खुंटी कुठं?" गोल काढायचा तर मध्ये खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची आणि दोरी जिथं पोचेल तिथं दगड ठेवत जायचं, ही त्यांची रीत. हेमचंद्रांनी मोजून जागा दाखवली. ती आली खोलीच्या आत. पुंजारामनी तिथं खुंटी ठोकली आणि स्वतः खुंटीपाशी उभे राहिले. मधल्या घरापासून सुरुवात करायची, म्हणजे दोन्ही बाजूंची ओळ सरळ मिळेल, असं हेमचंद्रांनी सांगितलं होतं.

आमचे हे बांधकामाजवळच एका भाड्याच्या खोलीत राहायचे, मीही तिथंच होते. दुपारी मी पुंजारामना चहा नेऊन द्यायची. एकदा ते आपणहून बोलले.

"बाई, माझं समदं काम जमिनीखाली. त्यातला बी चांगल्यातला चांगला थर पाण्याच्या खाली जातो. वरून वाकून बघणाराला काठ दिसतो अन् सोताचं तोंड दिसतं. हे पयलंच काम वर उभं ऱ्हाणार. घरचीला दाखवायचंय मला."

एवढं बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. कप तिथंच ठेवून ते दगडाकडं वळले.

मग ज्वारीची सुगी आली आणि आम्ही सगळ्या बायका तीन आठवडे गावाकडं गेलो. काकासाहेब शेतात, रामकिसन आडतीवर, हेमचंद्रांना रस्त्याच्या मोजणीसाठी सिल्लोड तालुक्यात पाठवलेलं. राहिले होते आमचे हे. ते रोज कचेरीतून येताना बांधकामापाशी थांबायचे. भिंतीला रस्त्याच्या बाजूनं छातीइतका मुरूम लोटलेला असायचा आणि त्याच्या वरच्या भिंतीवर ओली पोती सोडलेली असायची. चुन्याचं काम वाळू नये म्हणून पोती भिजवून टाकतात, हे त्यांना माहीत होतं. मुरूम कशाला, हे विचारावं असं त्यांना वाटलं नाही. ह्यांना कुणाला काही विचारावं असं सहसा वाटत नसे.

सुगी उरकून आम्ही परत आलो. हेमचंद्रही त्याच दिवशी आले. सगळे रस्त्यावर उभे राहिलो. गड्यांनी पोती काढली आणि फावड्यानं मुरूम ओढला.

भिंत खिडक्यांच्या वरपर्यंत आली होती. गोलाई अशी की डोळ्याला कुठं अडखळायला जागा नव्हती. पण दगड सगळे शेपटाकडून दिसत होते. लांब-आखूड, टोकदार, खाणीतून निघाले तसे. घडवलेली तोंडं होती आतल्या बाजूला.

कसं झालं ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. विहिरीत गवंडी आत उभा असतो. दगडाचं तोंड आत, त्याच्याकडं, आणि शेपूट मागं मातीत. एकेक थर चढला की मागं मुरूम दाबून भरायचा, म्हणजे भिंत पक्की बसते. चाळीस वर्षं हात जे करत आले होते तेच त्यांनी इथं केलं होतं. खुंटी जिथं, तिथं गवंडी. पाठीमागं जमीन नसून पैठणचा रस्ता आहे, हे हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रामकिसन हसले. "पुंजा, भिंत उलटी घातली की रं."

पुंजाराम तीन आठवड्यांत पहिल्यांदाच रस्त्याच्या बाजूला आले. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. तोंडावरचा रंग उडाला. हेमचंद्रांची अवस्था त्याहून वाईट होती, त्यांनी पुस्तक छातीशी धरलं होतं आणि ते कुणाकडंच बघत नव्हते.

काकासाहेब वाईट माणूस नव्हते, हे मला आधी सांगितलं पाहिजे. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तिन्ही वाटे सारखे पायजेत. ही ज्याच्या वाट्याला जाईल त्यो जन्मभर म्हणंल, थोरल्यानं फसवलं. उद्या सकाळी पाडा."

"मालक, चूक माझी," पुंजाराम म्हणाले. "मजुरी नगं मला. पण पाडू नका."

"का?"

"विहिरीचा गवंडी हाय मी. माझ्या भिंतीच्या भरवशावर माणसं खाली उतरतात. पुंजारामची भिंत पाडली, एवढंच चार गावांत जाईल. का पाडली ते कोणी इचारणार नाय. पुन्यांदा मला कोणी विहिरीत उतरू देणार नाय."

काकासाहेबांना ते कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण त्यांनी मान हलवली. वाटे सारखे पाहिजेत, ह्यापुढं त्यांचं काही चालत नव्हतं. माणसं पांगली. पुंजाराम जोत्याच्या दगडावर बसून राहिले.

मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला. ते बसले होते तिथं जायला आतून वाट होती, म्हणून मी आतून गेले. आणि तिथंच थांबले.

सिल्लोडला आमच्या आळीच्या विहिरीवर मी दहा वर्षं पाणी भरलं. दोर सोडताना रोज खाली बघायची. पाण्याच्या जरा वर, जिथं उन्हाची तिरीप पोचायची, तिथले दगड असे एकमेकांत बसलेले असायचे की हात लावावासा वाटायचा. हात कधी पोचला नाही. पोचला असता तर मी खाली गेले असते. आता तीच भिंत माझ्यासमोर कोरडी उभी होती, माझ्या खांद्याला लागून. तीन खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. मी तांब्या खाली ठेवून दगडाला तळवा लावला. सांध्यात नख जात नव्हतं. दगड घडवून घडवून असा केला होता की काळ्या दगडालाही मऊ म्हणावं. अशा कामाला उद्या सकाळी पहार लागणार होती. मला रडू आलं आणि पाठोपाठ रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की माझं काही खरं नसतं.

आमच्या घरात दस्तूर असा होता की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्याला शेवटी उरेल ते. म्हणून थोरला वाटे पाडताना जीव मुठीत धरून पाडतो. जो वाटा हवा त्याच्यावर धाकट्यानं सुपारी ठेवायची, सुपारी ठेवली की तो वाटा त्याचा, मग कुणी बोलायचं नाही.

तांब्या पुंजारामपुढं ठेवून मी ह्यांना चुना मळायच्या घाणीमागं गाठलं. बैल सोडलेले होते, तिथं कुणी नव्हतं.

"वाटा उचलायचा पहिला मान आपला ना?"

"हो. पण घरं झाल्यावर."

"घरं झाल्यावरच उचलायचा असं कुठं लिहिलंय? आत्ता उचला. मधलं घर."

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी कचेरीला आग लावायला सांगितलं. "अगं, दादा काय म्हणतील? आणि रस्त्यावरून..."

"आधी आत चला." मी त्यांना आत नेलं आणि त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला. भर दुपारी नवऱ्याचा हात धरणं म्हणजे त्या काळी केवढी गोष्ट. ह्यांनी हात काढला नाही. मग म्हणाले, "मला बोलता यायचं नाही तिथं."

"बोलू नका. नुसती सुपारी ठेवा."

आणि त्यांनी ठेवली. सगळे चहाला जमले होते तेव्हा आमचे हे, अंग चोरून बसणारे आमचे हे, सरळ चालत गेले आणि मधल्या पोटाच्या खिडकीत सुपारी ठेवून बाजूला उभे राहिले. कान लाल झाले होते, पण मान वर होती. मला इतका अभिमान त्यांच्या खुर्चीचाही कधी वाटला नव्हता.

काकासाहेबांनी कप खाली ठेवला. "आई, ह्याला येड लागलं का इचार."

आता थोरल्या दिराशी धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, हाही दस्तूरच. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आत्याबाईंकडं तोंड केलं. "आत्याबाई, त्यांना सांगा, दस्तूर ह्या घरचाच आहे. धाकट्यानं आधी उचलायचा, तो उचलला. आता ते घर आमचं. आमची भिंत पाडायची तर आम्हाला विचारावं लागेल."

"आई, तिला सांग, गावात माझी अब्रू जाईल. लोक म्हणतील, थोरल्यानं नव्या सुनंच्या गळ्यात खराब वाटा मारला."

"आत्याबाई, त्यांना सांगा, खराब म्हणायच्या आधी आत जाऊन यावं. सकाळपासून बाहेरूनच निवाडा चाललाय."

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा लेकाकडं पाहिलं. "मी काय पोस्टमन हाय का? दोघं बी हितंच उभे हायेत."

रामकिसनांना हसू आवरेना. काकासाहेब मात्र हसले नाहीत. ते उठले आणि आत गेले. खिडकीतून आम्हाला त्यांचा फेटा दिसत होता. तो आधी एका टोकाला गेला, मग दुसऱ्या टोकाला, मग खाली दिसेनासा झाला, बहुतेक ते वाकून पायथ्याचे दगड बघत होते. इकडं पुंजाराम उभे राहिले होते. तांब्यातलं पाणी त्यांनी अजून प्यायलेलं नव्हतं.

काकासाहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळव्याला चुना लागला होता. तो त्यांनी झटकला नाही. ते माझ्यासमोर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले.

"द्वारका, पुन्यांदा वाटे पाडू म्हणलं तर?"

"नाही," मी म्हणाले.

"नायच म्हणायला पायजे." मग ते पुंजारामकडं वळले. "पुंजा, दोन ऱ्हायलीत. त्यायची तोंडं मात्र रस्त्याकडं कर. माझ्या घरात तुझं काम बघायला पाहुणे आत शिरलेले चालायचे नाहीत मला."

पुंजारामनी तांब्या उचलून तोंडाला लावला आणि एका दमात संपवला.

"अन् माझ्या अटीचं काय?" आत्याबाई म्हणाल्या. "दोन गुळगुळीत अन् मधी ही काटेरी. घर एक कसं दिसंल?"

खरं होतं ते. तेव्हा हेमचंद्र पुढं आले. त्यांनी पुस्तक जोत्यावर उघडलं आणि एकामागून एक पानं दाखवली. "आई, हे बघा. हेही बघा. प्रत्येक ओळीत मधलं घर वेगळं केलेलं आहे. कुठं खांब, कुठं उंच माथा. मधलं अंग वेगळं असेल आणि दोन्ही हात सारखे असतील, तरच लांबून ते एक दिसतं. नाहीतर नुसती घरांची रांग दिसते. आपली तीनच घरं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. ती चूक माझी."

आत्याबाईंनी सगळी पानं पाहिली. मग रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या, एका उभ्या ओबडधोबड पोटाकडं आणि दोन मोकळ्या जागांकडं डोळे बारीक करून पाहिलं, आणि परत येऊन एवढंच म्हणाल्या, "धाकटं मधी ऱ्हाईल. दोन्हीकडून भाऊ. बरंच हाय."

पुढच्या वर्षीच्या अक्षयतृतीयेला वास्तुशांत झाली. तिन्ही घरांची एकच, आत्याबाईंनी दुसरं काही ऐकून घेतलं नाही. डावीकडचं काकासाहेबांचं पोट आणि उजवीकडचं रामकिसनांचं, दोन्ही बाहेरून अशी घडवलेली की रस्त्यानं जाणारा हात फिरवल्याशिवाय पुढं जात नसे. मध्ये आमचं. सगळं गाव लोटलं होतं. जो येई त्याला काकासाहेब आधी रस्त्यापलीकडं उभे करून ओळ दाखवत आणि मग हाताला धरून आमच्या घरात घेऊन येत. स्वतःच्या घरात नंतर. सांगत, "बाहेरून राजवाडा, अन् आत हे बघा."

मान म्हणून पुंजारामना फेटा आणि धोतर दिलं होतं. नवा फेटा बांधून ते बाहेर पुरुषांत उभे होते, रस्त्याकडं तोंड करून. त्यांच्याबरोबर त्यांच्या मंडळी आल्या होत्या, भागूबाई. लहानखुऱ्या, पाय भेगाळलेले, नव्या लुगड्यात अवघडलेल्या. त्या आमच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आल्या आणि तिथंच थांबून जरा पुढं वाकल्या. जन्मभर नवऱ्याचं काम काठावरून वाकूनच पाहिलेलं, त्याची सवय.

"मावशी, आत या," मी म्हणाले. "इथं पाणी नाही."

त्या आत आल्या. कुणी काही सांगितलं नाही, पण त्यांचा हात आपोआप दगडावर गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात न उचलता त्या चालत गेल्या आणि तशाच परत आल्या.

"चाळीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "रोज येऊन सांगायचे. आज दोन थर झाले, आज तीन झाले. मी भाकर थापता थापता व्हय म्हणायचे. थर म्हंजी काय, मला काय म्हाईत. थर म्हंजी हे व्हय."

"हो, मावशी."

मग त्या खालून वर मोजायला लागल्या. हात पोचेल तिथपर्यंत हातानं, पुढं बोटानं. बाहेर पंगतीची घाई चालली होती, भटजी पाटावर बसून वाट बघत होते. मी त्यांना थांबायला सांगून आले. मोजून झाल्यावर भागूबाई कडेच्या खिडकीशी गेल्या. बाहेर चार हातांवर नवा फेटा पाठमोरा दिसत होता.

"अवं, बावीस हायेत का?"

पुंजाराम वळले नाहीत. "तेवीस. खालचा जोत्यात गेला."

भागूबाईंनी खाली वाकून पाहिलं. तेविसावा दिसत नव्हता, फरशीखाली होता.

"त्यो बी असाच हाय?"

"असाच."

"बरं," भागूबाई म्हणाल्या, आणि खिडकीतून हलल्या नाहीत.

तेव्हा कुठं पुंजाराम मागं वळले. खिडकीत बायको उभी होती आणि तिच्यामागं भिंतीचा पलीकडचा वळसा, उन्हात, जमिनीच्या वर. चाळीस वर्षांत त्यांनीही ती दोन्ही एका वेळी पाहिली नव्हती.